मानमोडीपासून करोनापर्यंत: बारडोलीच्या खाटांचं गणित

मंडळाच्या एका बैठकीत प्रश्न निघाला होता, की उद्या फ्लूची मोठी साथ आली तर आपल्या बारडोलीची इस्पितळं तग धरतील का? एक सभासद म्हणाले, हा डॉक्टरांचा प्रश्न, इतिहास मंडळाचा त्यात काय संबंध? मला तसं वाटत नाही. या गावाने आणि या रेल्वेमार्गाने गेल्या शंभर वर्षांत साथी पाहिल्या आहेत. त्या वेळी काय कमी पडलं आणि काय पुरलं, याचा हिशेब मांडणं हे आपलंच काम आहे. म्हणून हा निबंध.

माझी नोकरी कालव्याच्या कामात गेली, त्यामुळे मी हा विषय थोडा पाण्यासारखा बघतो. पुराचं काम करणारा माणूस वर्षभराचं सरासरी पाणी विचारत नाही. तो विचारतो, सर्वांत वाईट दिवशी किती येईल? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. वर्षाच्या सरासरीत तो आकडा दिसतही नाही. साथीचंही तसंच. वर्षभरात किती आजारी पडले यापेक्षा एका आठवड्यात किती पडले, यावर इस्पितळ बुडतं की तरतं ते ठरतं.

१९१८: आगगाडीने आलेला ताप

मराठी मुलखात जुनी माणसं १९१८ च्या साथीला 'मानमोडी' म्हणत. मुंबईत तिची पहिली नोंद जून महिन्यातली. १० जूनला पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. ती पहिली लाट जुलैपर्यंत ओसरली आणि लोकांना वाटलं, सुटलो. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मारकी होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण मुंबई इलाख्यात १० लाखांहून जास्त माणसं गेली, म्हणजे साधारण दर शंभरात पाच, आणि त्यांतली बहुतेक दोन-तीन महिन्यांत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं तेवढं एकच दशक आहे.

साथ गावोगाव पोचवण्यात रेल्वेचा मोठा हात होता, हे हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आता आपला नकाशा आठवा. मुंबईहून सुरत, आणि सुरतेहून तापी व्हॅली रेल्वे. ती १९०० पर्यंत अमळनेरला पोचली होती. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. गुजरात आणि खानदेश एका रुळावर बांधणारी ही लाइन. कापूस, लाकूड, मजूर, नातेवाईक, सगळं तिच्यावरूनच जायचं-यायचं.

त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता आणि धान्य महागलं होतं. लष्कराबरोबर कितीतरी डॉक्टर परदेशी गेलेले. साथीने धरली ती बहुतेक वीस ते चाळीस वयाची, म्हणजे घर चालवणारी माणसं, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. शुश्रूषा करणारीच आडवी झाली की घरात पाणी द्यायला कोणी उरत नाही. मुंबईचे आकडे पाहिले तर युरोपीय लोकांत हजारी मृत्यू ८.३ होते आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणत त्यांच्यात ६१.६. जंतू तोच, शहर तेच. फरक घराचा, पोटाचा आणि देखभालीचा.

गुजरातेतल्या मराठी घरांनाही ही साथ चुकली नाही. विनोबांचं घर बडोद्याला होतं. आई, वडील आणि धाकटा भाऊ तिघेही आजारी पडले, त्यांत आई आणि भाऊ गेले. गांधीजींच्या कुटुंबात थोरल्या हरिलालची पत्नी याच साथीत वारली. खुद्द गांधीजींना तेव्हा फ्लू झाला होता असं अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं. ते बरोबर नाही. १९१८ च्या ऑगस्टात ते मरणाच्या दारात होते हे खरं, पण दुखणं आमांशाचं होतं, आणि तसं त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलं आहे.

इस्पितळ नव्हतं, तेव्हा काय होतं

१९२० च्या दशकात बारडोली तालुक्यात १३७ गावं आणि ८८ हजारांच्या आसपास वस्ती होती. यांतल्या दुबळा म्हणजे आजच्या हळपती शेतमजुरांच्या आणि इतर आदिवासींच्या वस्त्यांवर सरकारी औषध पोचत नव्हतं म्हटलं तरी चालेल. १९१८ मध्ये सुरत जिल्ह्यात ही पोकळी थोडीफार भरली ती सुरतेच्या दोन वसतिगृहांनी. कुंवरजी आणि कल्याणजी या मेहता बंधूंचा पाटीदार आश्रम आणि दयाळजी देसाईंचा अनाविल आश्रम. होम रूलच्या चळवळीत असलेल्या या मंडळींनी आश्रमातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून औषधवाटप केलं, खेड्यांत आणि आदिवासी वस्त्यांवर माणसं पाठवली, प्रेतांची व्यवस्था लावली.

त्या औषधाने किती जीव वाचले? खरं सांगायचं तर औषध म्हणून फारसा उपयोग नसणार. फ्लूवर तेव्हा औषधच नव्हतं. न्यूमोनियावर चालणारं पेनिसिलिन इस्पितळांत यायला १९४० चं दशक उजाडलं. पण दारात कोणी आलं, पाणी-पेज दिली, कुठल्या घरात किती आजारी आहेत याची यादी झाली, हे औषधापेक्षा कमी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही यादी करायची, गावोगाव फिरायची सवय वाया गेली नाही. १९२८ च्या सत्याग्रहासाठी वल्लभभाईंना बारडोलीला आणण्यात हेच मेहता बंधू पुढे होते. तालुक्यात तेरा छावण्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीला एक प्रमुख, रोज बातमी वर जायची आणि रोज पत्रिका छापून खाली यायची. डॉ. सुमंत मेहतांसारखे बडोदा राज्याच्या वैद्यकीय सेवेतले गृहस्थही त्या कामात होते. सत्याग्रह साथीमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण ज्या जाळ्यातून तो चालला ते जाळं विणायला १९१८ मध्ये हात लागला होता. पुढे १९३५ मध्ये बोरसद तालुक्यात प्लेग आला तेव्हा वल्लभभाईंनी तिथे छावणी टाकून इस्पितळ आणि सफाई एकत्र चालवली. म्हणजे सत्याग्रहाची छावणी आणि साथीची छावणी, दोन्हींचा आराखडा एकच.

मधल्या साथी

सगळ्याच साथी १९१८ सारख्या नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. १९५७ चा 'एशियन फ्लू' मद्रासमार्गे देशात आला. सुमारे ४४ लाख रुग्ण नोंदले गेले, मृत्यू ११०० च्या आसपास. नोंद अपुरी धरली तरी १९१८ शी तुलना होत नाही.

सप्टेंबर १९९४ चा सुरतचा प्लेग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. तो फ्लू नव्हता, आणि मृत्यूही पन्नासच्या आसपासच झाले. पण इस्पितळांच्या दृष्टीने तो मोठा धडा होता. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली, त्यांत बरेच खाजगी डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून गेले. टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब. सगळा भार सरकारी न्यू सिव्हिल हॉस्पिटलवर. कागदावर शहरात किती डॉक्टर आहेत, आणि साथीच्या पाचव्या दिवशी किती उरतात, हे दोन वेगळे आकडे आहेत, हे तेव्हा कळलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच रुळावर, बारडोलीहून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. नवापूर म्हणजे अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असलेलं स्टेशन. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच-५-एन-१ असल्याचं सांगितलं आणि नवापूरच्या बाजूने आणि उच्छलच्या बाजूने लाखो कोंबड्या मारून पुरल्या. उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात होतं. माणसांत एकही रुग्ण निघाला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत तोच प्रकार नवापूरला पुन्हा झाला. पक्ष्यांतला विषाणू माणसांत सहज पसरायला लागला तर जगाची पुढची साथ तिथून सुरू होऊ शकते, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 'कुठेतरी चीनमध्ये होईल' असं म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. त्यांतले बहुतेक लोक घरी बरे होण्यासारखे होते, पण त्यांना सांगणार कोण? पुढे २०१५ मध्ये त्याच विषाणूने देशात सुमारे ४२ हजार रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू झाले. गुजरात सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत होतं. २०१५ आणि २०१७ या दोन्ही वर्षी आपल्या राज्यात प्रत्येकी ४०० हून अधिक माणसं गेली.

एप्रिल २०२१

करोना फ्लू नाही, पण इस्पितळांची सर्वांत मोठी परीक्षा त्यानेच घेतली. १९ मार्च २०२० ला गुजरातमधले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, त्यांतला एक सुरतचा. पहिल्या वर्षी कसंबसं निभावलं. एप्रिल २०२१ मध्ये मात्र बांध फुटला. सुरतेत स्मशानातल्या गॅसभट्ट्या दिवस-रात्र चालून त्यांच्या लोखंडी जाळ्या आणि चिमण्या वितळल्या. काही मृतदेह अंत्यसंस्कारासाठी बारडोलीला आणल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एरवी बारडोलीचा गंभीर रुग्ण सुरतला जातो. त्या आठवड्यांत सुरतचे मृत बारडोलीला आले.

त्याच दिवसांत शेजाऱ्यांसाठी ऑक्सिजनचा बाटला मिळवायला मी दोन रात्री रांगेत उभा होतो. रांगेत डॉक्टरांचे कंपाउंडर होते, मुलं होती, एक म्हातारे शिक्षक होते. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. खाट मिळालेली होती, पण खाटेशेजारचा बाटला रिकामा. हजीऱ्याला पोलादाच्या कारखान्यात ऑक्सिजन तयार होत होता, पुढे मे महिन्यात तिथे कारखान्याच्याच वायूवर चालणारं इस्पितळही उभं केलं. पण मधल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये टँकर, बाटले आणि भरणी केंद्रं कमी पडत होती. आमच्या खात्यात म्हणायचे, धरणात पाणी असून चारीच्या टोकाला कोरड. तसंच.

आता हिशेब

एक लाख वस्ती धरू. बारडोली शहर २०११ च्या जनगणनेत ६० हजारांच्या घरात होतं, पण इथल्या इस्पितळांत महुवा, पलसाणा, मांडवी, वालोड इथूनही माणसं येतात. त्यामुळे लाखाचा आकडा कमीच आहे, समजायला सोपा म्हणून घेतला. पुढची टक्केवारी ही माझी गृहीतकं आहेत. कोणी दुसरी घालून बघावी.

सौम्य साथ: चौथा हिस्सा लोक आजारी, म्हणजे २५ हजार. त्यांतल्या शंभरात एकाला इस्पितळ लागलं तर २५०. साथ दहा-बारा आठवडे चालली तरी शिखराच्या आठवड्यात साधारण पाचवा हिस्सा येतो, म्हणजे ५० माणसं. प्रत्येक जण आठवडाभर राहिला, तर ५० खाटा.

आता किती आहेत ते पाहू. २०२० च्या सुरुवातीच्या एका अंदाजानुसार देशात सरकारी-खाजगी मिळून सुमारे १९ लाख खाटा, ९५ हजार अतिदक्षता खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते. लाखामागे १३८ खाटा, ७ अतिदक्षता, ३ ते ४ व्हेंटिलेटर. १३८ पैकी दोन तृतीयांश नेहमीच भरलेल्या धरा. बाळंतपणं, अपघात, साप चावलेले, डायलिसिसवाले, हे काही साथीसाठी थांबत नाहीत. उरल्या ४६. लागणार ५०. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या तर जमेल. पण दाखल झालेल्यांतल्या पाचातल्या एकाला अतिदक्षता लागली आणि तो दोन आठवडे राहिला, तर पंधरा-वीस खाटा हव्यात. आहेत सात, त्याही भरलेल्या. म्हणजे सौम्य साथीतसुद्धा साधा वॉर्ड टिकतो आणि आयसीयू बुडतं.

मध्यम साथ: शंभरात एकाऐवजी चार जणांना इस्पितळ लागलं तर शिखराला २०० खाटा. इथे हिशेब संपतो. सगळं इस्पितळ रिकामं केलं तरी पुरत नाही.

मोठा बाटला सात हजार लिटरचा असतो. मिनिटाला १० लिटर घेणारा रुग्ण तो बारा तासांच्या आत संपवतो. असे ३० रुग्ण म्हणजे दिवसाला साठाहून जास्त बाटले, आणि तितकेच भरून परत आणणारी गाडी आणि हमाल. जास्त प्रवाहाच्या यंत्रावर मिनिटाला ६० लिटर लागतात, तिथे तोच बाटला दोन तासही टिकत नाही. २०२१ नंतर ऑक्सिजन तयार करणारे बरेच संयंत्र बसले हे चांगलं झालं. पण ज्या यंत्राला महिन्याला एकदा चालवून बघत नाहीत ते ऐन वेळी चालत नाही, हे कोणताही पंप-ऑपरेटर सांगेल.

नर्सचा हिशेबही करा. ५० खाटांना सहा रुग्णांमागे एक धरली तर पाळीला आठ-नऊ, तीन पाळ्या आणि सुट्ट्या मिळून तीस. फ्लूचं वैशिष्ट्य असं, की एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला तीनेक दिवस पुरतात. म्हणून त्याचं शिखर करोनापेक्षा उभं चढतं, आणि ज्या आठवड्यात रुग्ण सर्वांत जास्त, त्याच आठवड्यात नर्सही आजारी. खाट विकत घेता येते. शिकलेली नर्स पंधरा दिवसांत तयार होत नाही.

ऊसतोडीची वस्ती

आणखी एक माणूस कुठल्याही हिशेबात नसतो. काकरापारच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, १९५५ मध्ये बाबेनला सहकारी साखर मंडळी उभी राहिली. तोडणीसाठी दिवाळीच्या सुमाराला डांग आणि खानदेशातून कोयते येऊ लागले. नंदुरबार-धुळ्याकडची ही माणसं, बरीचशी अहिराणी किंवा भिली बोलणारी, पाच-सहा महिने पालांत राहतात. अभ्यासक यान ब्रेमन यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. २०१५ ची स्वाइन फ्लूची लाट जानेवारी ते मार्चमध्ये होती, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात. त्या महिन्यांत तालुक्याची वस्ती फुगलेली असते, पण आशा वर्करच्या वहीत ही पालं नसतात. १९१८ मध्ये दुबळ्यांच्या वस्तीवर जे झालं ते पुढच्या साथीत पालावर होईल, अशी मला भीती वाटते.

मग उत्तर काय?

सौम्य साथीत तयारी असेल तर बारडोली तग धरेल. मध्यम साथीत फक्त इस्पितळाच्या भरवशावर नाही धरणार. १९१८ सारखी आली तर जगातलं कुठलंच इस्पितळ एकट्याने पुरं पडणार नाही.

पण १९१८ आणि आज यांत एक मोठा फरक आहे. त्या साथीत मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या ऊतींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की बहुतेक मृत्यू विषाणूनंतर जडलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. त्यावर आज अँटिबायोटिक आहे, ऑक्सिजन आहे, फ्लूवर गोळी आहे, लस आहे. म्हणजे बरेच जण व्हेंटिलेटरपर्यंत न जाता वाचू शकतात, जर पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणी त्यांच्यापर्यंत पोचलं तर. प्रश्न पुन्हा पोचण्याचाच आहे.

म्हणून मला सुचतं ते असं. गावोगावच्या शाळा आणि समाजाच्या वाड्यांतून काही इमारती आजच ठरवून ठेवाव्यात, आणि त्यांची वायरिंग तपासावी. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकेक साडेतीनशे-चारशे वॅटचा असतो, तीस लावले तर बारा किलोवॅट. जुन्या शाळेचं मीटर तेवढ्यात उडेल. घरी फिरणाऱ्यांकडे ऑक्सिमीटर आणि यादी हवी. पालांची यादी मुकादमांकडून हंगामाच्या सुरुवातीलाच घ्यावी, आणि सूचना गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीत द्याव्यात. नर्स, आशा, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर यांना दरवर्षी फ्लूची लस मिळावी. स्मशानाची क्षमताही आराखड्यात लिहावी. ऐकायला वाईट वाटतं, पण २०२१ मध्ये ती लिहिलेली नव्हती म्हणून काय झालं ते आपण पाहिलं.

शेवटी मंडळाच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या शाळेचं १९१८-१९ चं जनरल रजिस्टर असेल, तलाठ्याच्या दप्तरात मृत्यूची वही असेल, घरात त्या वर्षीचं एखादं पत्र किंवा चोपडी असेल, तर तिचा फोटो काढून मंडळाकडे द्या. २०२१ च्या आठवणीही आत्ताच लिहून ठेवा, तारखेसकट. कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात किती माणसं आजारी होती, हे गावागणिक मांडता आलं तर वरच्या हिशेबातली माझी गृहीतकं काढून तिथे खरे आकडे घालता येतील. तो तक्ता पुढच्या बैठकीत एकत्र बसून करू.